पांजेची वाट भरतीला मोकळी करा

नकाशात उरण आज रायगडच्या मुख्य भूमीला चिकटलेलं दिसतं. पण १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी साष्टी आणि घारापुरीबरोबर जे कारंजा बेट स्वतःकडे ठेवून घेतलं, ते हेच उरण. पश्चिमेला समुद्र, मध्ये द्रोणागिरीचा डोंगर, मोरा-कारंजाच्या कोळीवस्त्या, पूर्वेला मिठागरं, खारभूमीतली भातशेती आणि त्यापलीकडे खाडी. ही खाडी आधी बांधांनी आणि मग भरावांनी आक्रसत गेली. उधाणाचं पाणी मात्र अजूनही जुन्याच वाटांनी आत येऊ पाहतं, आणि त्याच्या मागोमाग पक्षीही.

ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडला की तिथे एकच लगबग सुरू होते. निवट्या उड्या मारत बिळांकडे पळतात, चिंबोऱ्या बाहेर डोकावतात, कोळणी गुडघाभर चिखलात उतरून खुबे आणि कालवं वेचतात. चार हातांवर काळ्या शेपटीचा पाणटिवळा आपली लांब सरळ चोच मुळापर्यंत चिखलात खुपसून किडे शोधत असतो. सैबेरिया आणि मध्य आशियातून आलेला हा पाहुणा जगाच्या लाल यादीत संकटाजवळ पोचलेला पक्षी म्हणून नोंदलेला आहे. बाकदार चोचीचा कुरल आणि छोटा रोहित, म्हणजे आपला लहान फ्लेमिंगो, हेही त्याच यादीत आहेत. शेकाटे, उचाटे, चमचे, तुतारी, टिळवे यांचे थवे वेगळेच. मुंबईच्या वेशीवर, कंटेनरच्या रांगांच्या आड ही श्रीमंती टिकून आहे.

अडचण सुरू होते भरतीला. मुंबईच्या बंदरात उधाणाचं पाणी चार मीटरहून वर चढतं आणि बघता बघता सगळा चिखल पाण्याखाली जातो. चिखलात चालून पोट भरणाऱ्या या पक्ष्यांना मग पुढच्या ओहोटीपर्यंत पाय टेकायला उथळ पाणी लागतं. उरणमधल्या पांजे, बेलपाडा, भेंडखळ या पाणथळींचं मोल इथे आहे. हे पक्षी चरतात खाडीवर आणि विसावा घेतात इथे. दिवसातून दोनदा हा विसावा मिळाला नाही, तर थवे हवेत घिरट्या घालत राहतात आणि हजारो किलोमीटरच्या परतीच्या प्रवासासाठी अंगावर चढवलेली चरबी इथेच जाळून बसतात.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली. दोन्ही निर्णय अभिमानाचे. पण त्यांनी राखली ती मुख्यतः खाडी, म्हणजे पक्ष्यांचं ताट. भरतीच्या वेळचा त्यांचा आसरा बराचसा बाहेरच राहिला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी म्हणूनच उरणच्या या पाणथळी आणि नवी मुंबईतले तलाव यांचा विचार अभयारण्याच्या जोडीने करा, असा आग्रह धरला. दुसरीकडे, गेली काही वर्षं याच पाणथळींवर भराव पडल्याच्या आणि भरतीच्या वाटा बुजवल्याच्या तक्रारी सतत होत आल्या आहेत. पांजेतली जवळपास २८९ हेक्टर जागा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने विशेष आर्थिक क्षेत्रासाठी दिलेली. पाणी तोडलं की दोन उन्हाळ्यांत पाणथळीचं माळरान होतं, आणि मग ‘इथे पाणथळ होतीच कुठे?’ असं विचारायला लोक मोकळे.

कायद्यातही एक पळवाट आहे. २०१७ च्या पाणथळ नियमांनी मीठ, मत्स्यशेती, सिंचन किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले जलाशय संरक्षणातून वगळले. उरणची ही भूमी शतकानुशतकं माणसाच्या हाताखालून गेलेली, म्हणून तीही सहज या पळवाटेत बसवता येते. आगरी शेतकऱ्यांनी खाडीकाठी मातीचे बांध घातले आणि त्यांत उघाड्या बसवल्या. उघाडीची झडप भरतीच्या रेट्याने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने बाहेर उघडते. भात पिकवायचं तर खारं पाणी बाहेर ठेवायचं, मीठ पिकवायचं तर तेच पाणी मोजून आत घ्यायचं. बांधाला खांड पडलं तर अख्खा गाव फावडी घेऊन धावायचा. इतक्या कष्टाने घडलेल्या जमिनीवर पुढे पक्षी वस्तीला आले. माणसाचा हात लागला म्हणून ती जागा निसर्गाची नाही, हा तर्क कोकण किनाऱ्याला मुळीच लागू पडत नाही. इथला निसर्ग आणि इथली शेती एकाच बांधाच्या दोन बाजूंना वाढली.

म्हणून पक्ष्यांचा प्रश्न हा दुर्बिणी लावून फिरणाऱ्या शहरी हौशी लोकांचा प्रश्न आहे, ही समजूत आधी पुसली पाहिजे. ज्या तिवरांत आणि चिखलात पक्षी चरतात, तिथेच कोळंबी, बोय आणि जिताड्याची पिल्लं वाढतात. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. पुढे त्याच्या विस्तारासाठी भराव पडले, भरतीच्या वाटा अडल्या, मासेमारीच्या जागा गेल्या. त्यावर उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या कोळीवाड्यांचे पारंपरिक मच्छीमार राष्ट्रीय हरित लवादात गेले. २०१५ च्या फेब्रुवारीत लवादाच्या पुणे खंडपीठाने १,६३० कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. खाडी बुजवली की कोणाच्या तरी ताटातलं जातं, हे तिथे नोंदलं गेलं. ही भरपाई पक्ष्यांच्या नावाने नव्हती, पण नुकसान त्याच चिखलाचं होतं.

उरणला विकासविरोधी म्हणणाऱ्यांनी इथला इतिहास वाचावा. सिडकोच्या नव्या शहरासाठी, बंदरासाठी, तेल-वायूच्या प्रकल्पांसाठी या तालुक्याने जमिनी दिल्या. रास्त मोबदला मागताना १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबाराने पाच जणांचा जीव गेला. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना त्या रक्तातून आली. ते भूखंड मिळवायला अनेक घरांच्या पुढच्या पिढ्यांना खेटे घालावे लागले. त्यांचा हक्क बिनतोड आहे. पण तो पुरा करायला पाणथळच बुजवली पाहिजे, असं सुचवणं म्हणजे शेतकऱ्याला कोळ्याविरुद्ध उभं करणं. आगरी आणि कोळी घरं एकाच गावात शेजारी राहतात. पाणी तुंबलं तर दोघांच्या ओट्यावर येतं. सखल, भरतीच्या पातळीला टेकलेल्या या भागात पावसाळ्यातल्या उधाणाचं पाणी साठवायला जागा लागतेच.

सगळ्यात गंभीर आक्षेप विमानतळाचा. नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं सुरू झाली, आणि पाणथळी म्हणजे विमानांना धोका, असं सांगितलं जातं. धोका खराच आहे. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरवर मुंबईत उतरणाऱ्या विमानाला धडकून जवळपास ४० रोहित मेले. पण विसाव्याची जागा बुजवली म्हणून थवे हा परिसर सोडत नाहीत, कारण चरायची खाडी तिथेच आहे. ते दुसरं उथळ पाणी शोधत भटकतात, आणि भटकणारा थवा नेमका कुठून उडेल हे कोणीच सांगू शकत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या भरतीला उतरणाऱ्या पक्ष्यांचा अंदाज बांधता येतो. त्याच उन्हाळ्यात नेरूळजवळच्या डीपीएस तलावाची भरतीची वाट तुंबली, पाणी आटलं, आणि तिथेही रोहित दगावले. पुढच्या वर्षी राज्य सरकारने त्या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करण्याचा निर्णय घेतला. जे नेरूळला जमतं, ते उरणला न जमण्याचं कारण दिसत नाही.

पूल आला की बेट बदलतं. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सॅनिबेल बेटाला १९६३ मध्ये पुलाने जोडलं गेलं आणि बांधकामांचा रेटा सुरू झाला. दहा वर्षांत तिथले रहिवासी जागे झाले, १९७४ मध्ये मतदान करून त्यांनी स्वतःचं नगर स्थापन केलं आणि दलदल व तिवरं आधी राखून मग घरं कुठे बांधायची ते ठरवलं. त्या बेटाचा मोठा भाग आज राखीव आहे आणि गुलाबी चमचे पाहायला जगभरातून माणसं जातात. उरणला अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला आला, रेल्वेही त्याच दिवशी. सॅनिबेलच्या लोकांकडे पैसा होता, उरणच्या लोकांकडे खाडीचं ज्ञान आहे. उधाण कधी, भांगाची छोटी भरती कधी, उघाडी कोणत्या दिवशी साफ करायची, हे इथल्या म्हाताऱ्या माणसांना पंचांगाइतकं ठाऊक आहे.

राज्य सरकारने पांजे, बेलपाडा आणि भेंडखळ या तिन्ही जागांना संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा द्यावा. बुजवलेल्या भरतीच्या वाटा सिडकोच्या खर्चाने पुन्हा खुल्या कराव्यात. उघाड्या आणि पाण्याची देखभाल स्थानिक आगरी-कोळी गावांच्या समितीकडे पगारी काम म्हणून सोपवावी, आणि पक्षी दाखवण्याचं उत्पन्नही त्याच गावांत राहावं. पाणटिवळे ऑगस्ट-सप्टेंबरपासून परतू लागतात. त्याआधी पांजेत भरतीचं पाणी पोचलं पाहिजे.