समृद्धीवर टायर बघतात, पण मागचा बुश कोण बघणार?

बुलढाणा : १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बस पेटली आणि २५ जणांचा जीव गेला. त्या वर्षी समृद्धीवर झिजलेले टायर असलेल्या गाड्या अडवायलाही सुरुवात झाली. हे चांगलंच झालं. पण टायर एकाच बाजूनं का झिजतो, हा प्रश्न मागेच राहिला.

आपल्या तालुक्यांत दहा-पंधरा वर्षांच्या गाड्या भरपूर आहेत. कुणी पुण्या-मुंबईहून सेकंडहँड आणलेली, कुणाची लग्नात घेतलेली. आतापर्यंत या गाड्या गावच्या रस्त्यावर चाळीसच्या वेगानं चालत होत्या. मेहकर किंवा सिंदखेड राजाहून समृद्धीवर चढलं की तीच गाडी शंभरच्या पुढं जाते. रस्ता नवा झाला, गाडी मात्र तीच आहे.

मागच्या चाकांचा दांडा गाडीच्या सांगाड्याला जिथं जोडलेला असतो, तिथं रबराचा बुश असतो. खड्ड्याचा दणका तो पितो आणि चाक जागेवर धरतो. ऊन, धूळ आणि वय यानं रबर कडक होतं, चिरतं, लोखंडापासून सुटतं. मग मागचा दांडा थोडा थोडा सरकायला लागतो. गावच्या वेगात फक्त खडखड ऐकू येते. पण जास्त वेगात लेन बदलताना किंवा राजूर, बोथा घाट उतरताना वळणात ब्रेक दाबला, की मागचा भाग आपल्या मनानं वळतो. पाट्यावरच्या जीप-बोलेरोलाही पाट्याचे बुश असतात, त्यांचंही तसंच.

ओळखायचं कसं? गतिरोधकावरून जाताना मागून 'ठक्क' आवाज. सरळ रस्त्यावर शेपटी हलल्यासारखी वाटणं. मागचा टायर एकाच कडेनं घासणं. यातलं काही दिसलं तर गाडी उचलून, पहारीनं दांडा हलवून मेकॅनिकला बघायला सांगा. नुसता शॉकअप बदलून आवाज जाईलच असं नाही.

दुरुस्तीत तीन चुका नेहमी होतात. पहिली, एकच बाजू बदलणं. दोन्ही बुश सोबतच बदलावेत. दुसरी, गाडी वर टांगलेली असतानाच बोल्ट पूर्ण आवळणं. मग गाडी खाली आली की रबराला कायमचा पीळ बसतो आणि नवा बुशही लवकर फाटतो. चाकांवर वजन आल्यावरच शेवटचा आवळा द्यायचा. तिसरी, आवाज बंद व्हावा म्हणून जळकं ऑइल किंवा डिझेल मारणं. दोन दिवस शांत वाटतं, पण तेलानं रबर फुगतं आणि मऊ पडतं. जुना बुश हातोड्यानं ठोकून काढण्यापेक्षा प्रेसवर काढलेला बरा. काम झालं की अलाइनमेंट तपासून घ्या.

आता मुद्दा जबाबदारीचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नव्यानं करावी लागते, पुढं दर ५ वर्षांनी. कारसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालं. २० वर्षांपेक्षा जुन्या कारला ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये. एवढे पैसे भरताना लोक रंग, लाइट, हॉर्न नीट करून नेतात. गाडीखाली वाकून बुश बघितला जावा, ही मागणी आपणच केली पाहिजे.

आणि बुश मरतो कुठं? आपल्याच गावच्या वेशीवर. इंडियन रोड काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, त्यावर पट्टे आणि आधी फलक हवा. आपल्याकडं मात्र रातोरात मुरूम-डांबराचा ढीग टाकला की झाला गतिरोधक. लेकरांच्या जिवासाठी तो टाकतात, हे खरंच. पण तो निकषात बसला तर लेकरंही वाचतील आणि गाड्याही.

येत्या ग्रामसभेत वेशीवरच्या गतिरोधकाची उंची मोजायचा विषय मांडा. आणि समृद्धीवर चढण्याआधी एकदा गाडीखाली वाकून बघा.