पहारेकऱ्याचीच झडती

नेटवर्कवरून येणाऱ्या प्रत्येक पॅकेटची झडती घेऊन अनिष्टाची वर्दी द्यावी, एवढ्याच कामगिरीवर नेमलेल्या आयएसएस या अमेरिकी कंपनीच्या सॉफ्टवेअरने, आयसीक्यू या चॅट-सेवेच्या संदेशांचा अर्थ लावताना, आलेला मजकूर संगणकाच्या स्मृतीत नेमून दिलेल्या जागेत मावतो की नाही, हे पाहिलेच नाही. आणि मार्च २००४ मध्ये, ही उणीव जाहीर झाल्यावर दोन दिवसांच्या आतच, ‘विटी’ नामक, आपोआप पसरणाऱ्या वर्मने त्याच वाटेने सुमारे १२,००० यंत्रांत शिरून त्यांच्या डिस्कवरील दप्तर वाटेल तिथे खरडून टाकले. बळी गेले ते खबरदारी घेणारेच! परक्याचा मजकूर वाचणे हाच ज्याचा पेशा, ते सॉफ्टवेअर स्मृतीची मर्यादा स्वतः राखणाऱ्या रस्टसारख्या भाषेतच लिहिलेले असावे, अशी अट सरकारी निविदांत यापुढे बिनदिक्कत घालावी.