वाहनांचीही शाकारणी हवी

मृग नक्षत्र जवळ येऊ लागले की कोकणातील गृहस्थाची नजर घराच्या कौलांकडे वळते. फुटकी कौले बदलणे, सरकलेली नीट बसविणे, कुजलेला वासा काढून टाकणे ही शाकारणी वैशाखातच उरकली पाहिजे, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. देशावरचा शेतकरी याच सुमारास औतांची डागडुजी करून घेतो. पावसाळा हा आपल्याकडे अवचित येणारा पाहुणा नव्हे. त्याच्या येण्याचा अदमास सर्वांना असतो आणि त्याच्या स्वागताची रीतही ठरून गेलेली आहे. परंतु गेल्या काही दशकांत मध्यमवर्गीयाच्या दारात जी नवी आणि महाग वस्तू येऊन उभी राहिली, तिच्यासाठी मात्र अशी कोणतीही रीत आपण घालून घेतलेली नाही. ही वस्तू म्हणजे आपली स्कूटर, मोटारसायकल अथवा हप्त्यांवर घेतलेली छोटी मोटार.

प्रस्तुत लेखक महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवितो आणि ‘घसारा’ ही संकल्पना दरवर्षी फळ्यावर समजावून देतो. तरीही दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ओळखीच्या मेकॅनिकने “सर, मागचा टायर पार गोटा झालाय, पावसाच्या आत बदलून घ्या,” असे बजावले, तेव्हा १,८०० रुपयांचा तो खर्च त्याने दिवाळीवर ढकलला. वह्यापुस्तकांचा आणि फीचा महिना तोंडावर होता. जूनच्या पहिल्याच सरीत मुलीला मागे बसवून उतारावरून येताना वळणावर ब्रेक दाबला; चाक थांबले, स्कूटर मात्र थांबली नाही. मुलीचे मनगट मोडले आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये राहिला. आमच्या मागे एक प्रवासी बस होती. ती चार हातांवर येऊन उभी राहिली. त्या बसचे ब्रेक कोणी तरी वेळेवर पाहिले होते, म्हणूनच हा लेख लिहावयास मी उरलो आहे.

चूक कोठे झाली? देखभालीला आपण खर्च समजतो आणि ती पुढे ढकलणे म्हणजे बचत, असे मानतो. वस्तुतः ती बचत नव्हे, ते कर्ज आहे. टायर झिजतो, ब्रेकचे लायनर झिजते, बॅटरीचा दम कमी होतो. ही झीज आपण वहीत मांडो अथवा न मांडो, ती होतच असते. विमा कंपन्यांना हे पक्के ठाऊक आहे. नेहमीच्या पॉलिसीत अपघातानंतरची भरपाई देताना टायर, बॅटरी आणि रबरी भाग यांच्या किमतीतून त्या निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी कापून घेतात. कंपनीला जे कळते, ते मालकाला कळू नये काय?

शिवाय हे कर्ज आपण एकटे फेडत नाही. आपल्या कृतीची किंमत जेव्हा तिऱ्हाइताला मोजावी लागते, तेव्हा केवळ स्वतःचा हिशेब पाहणारा माणूस समाजाचा तोटा करतो, हे पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच सांगून ठेवले आहे. गुळगुळीत टायर हे त्याचे रोकडे उदाहरण होय. अशा ठिकाणी कायद्याने मध्ये पडावे अशी अपेक्षा असते. आपल्याकडे भाड्याने चालणाऱ्या वाहनाला ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. खासगी वाहनाची नोंदणी मात्र १५ वर्षांची असते, आणि तेवढ्या काळात त्याचे ब्रेक तपासून घेण्याची नियमित सक्ती कोणावरही नाही. पीयूसी केंद्रात धूर तपासला जातो. तृतीय पक्षाच्या विम्याचा कागद पोलीस पाहतो. चाक रस्त्याला धरून राहील की नाही, हे पाहणे मालकाच्या विवेकावर सोडलेले आहे.

तेव्हा या विवेकाने काय करावे? यादी फार लांब नाही. टायरच्या खाचांच्या तळाशी रबराचे बारीक उंचवटे असतात. खाच झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला असे समजावे. मोटारीच्या बाबतीत ही मर्यादा १.६ मिलिमीटरची आहे. खाचांचे काम चाकाखालचे पाणी बाहेर लोटण्याचे. त्या नाहीशा झाल्या की चाक पाण्याच्या थरावर तरंगू लागते. पावसाळ्यात हवा कमी ठेवल्याने पकड वाढते हा समज चुकीचा आहे. हवा उत्पादकाने सांगितली तेवढीच ठेवावी आणि चाके थंड असताना मोजावी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे. पाण्यातून बाहेर आल्यावर हळू वेगात ब्रेक चार-सहा वेळा हलकेच दाबून कोरडे करावेत. वायपरचे रबर उन्हाळ्यात कडक होते. ते मेमध्येच बदलावे. दिवे, इंडिकेटर आणि साखळीही पाहून घ्यावी. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडा राप तयार होतो. त्या दिवशी पुढच्या वाहनापासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे.

मोटार पाण्यात बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा मोह टाळावा. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असता इंजिन फिरविले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि हे नुकसान नेहमीच्या विम्यात बहुधा बसत नाही. पाणी चढू लागल्यास मोटार सोडून बाहेर पडावे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा बंद मोटारीत अडकून काहींचा अंत झाला, हे विसरता कामा नये.

अपघात वेगामुळे होतात, टायरमुळे नव्हे, असा आक्षेप येथे घेतला जाईल. २०२२ साली देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि सरकारी नोंदींत वेग हेच प्रमुख कारण आहे, हे खरे. परंतु वेग आवरण्याचे साधन ब्रेक आणि टायर हेच ना? दुसरा आक्षेप पैशाचा. तो खोटा नाही. महिनाअखेरीस १,८०० रुपये काढणे किती जड जाते, हे मी अनुभवले आहे. त्यावर उपाय एकच. पेट्रोलसाठी जसे पैसे बाजूला काढतो, तशी दरमहा दोनशे रुपयांची घसारा-पेटी घरात ठेवावी.

थोडे कार्य संस्थांनीही करावे. प्रत्येक महाविद्यालयाच्या आवारात शेकडो दुचाक्या उभ्या असतात, आणि बहुतेक तालुक्यांत औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. तेथील मेकॅनिक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांनी आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली मेअखेरीस दोन दिवस या गाड्यांचे टायर आणि ब्रेक तपासून दिले, तर त्यांना हाताला काम मिळेल आणि मालकाला वेळेवर इशारा मिळेल. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात आणि पाऊसही त्याच सुमारास स्थिरावतो. दप्तर पाठीला लावून मूल आपल्या मागे बसते, ते टायरच्या खाचा पाहून बसत नाही. आपल्यावर विश्वास टाकून बसते. गळके छप्पर डोक्यावर ठेवून पावसाळ्यास सामोरा जाणारा गृहस्थ आपण अविचारी ठरवितो. गुळगुळीत चाकांवर लेकरांना शाळेत नेणाऱ्यास मग काय म्हणावे?