खाली कारखाना, वर बिऱ्हाड

दिवाळीच्या तोंडावर पेणच्या कुंभार आळीत एक चक्कर मारा. विसर्जनाला जेमतेम दीड महिना झालेला असतो आणि पुढच्या वर्षीच्या गणपतींचं काम सुरू झालेलं असतं. पडवीत भावनगरकडून आलेल्या शाडूची पोती, भिंतीला टेकवलेले साचे, माळ्यावर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कच्च्या मूर्ती आणि त्यांच्याच शेजारी फराळाचे डबे. घरातली बाई चकल्यांचा घाणा काढून हात पुसत बाहेर येते, ओल्या मूर्तीचा सांधा बोटाने सारखा करते आणि परत कढईकडे जाते. या घराला पेणमध्ये घर म्हणत नाहीत, कारखाना म्हणतात. ‘आमच्या कारखान्यावर या’ असं आमंत्रण आलं की समजायचं, चहा स्वयंपाकघरातूनच येणार आहे.

आता हीच आळी विकास आराखड्याच्या नकाशावर शोधा. पिवळा रंग दिसेल. पिवळा म्हणजे निवासी, निळा म्हणजे वाणिज्य, जांभळा म्हणजे उद्योग आणि हिरवा म्हणजे शेती. माणूस झोपतो कुठे, विकतो कुठे आणि राबतो कुठे, याची नकाशाने वाटणी करून टाकलेली असते. जगभर ज्याच्या मूर्ती जातात, ज्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तो पेणचा धंदा या चारही रंगांत कुठे बसत नाही.

यंदाच्या अंकाचा विषय आम्ही ‘जागा’ ठेवला, त्याचं कारण हे. वाचकहो, दिवाळीच्या शुभेच्छा आधीच देऊन ठेवतो, कारण पुढचा मजकूर फार गोडाधोडाचा नाही.

पेण आता मुंबईत आहे. ही चेष्टा नव्हे. तालुक्याचा काही भाग पूर्वीपासून मुंबई महानगर प्रदेशात होताच, २०१९ साली उरलेलाही त्यात गेला. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आणि शिवडीहून उरणच्या बाजूला उतरायला अर्धा तास पुरत नव्हता तो पुरू लागला. त्याच वर्षी ऑक्टोबरात उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर, एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमण्यात आलं. कागदावर त्याचं नाव कर्नाळा-साई-चिरनेर नवनगर, बोलण्यात तिसरी मुंबई. गावोगावहून हरकती गेल्या, सभा झाल्या. दुसरीकडे जमिनीचे दलाल पांढऱ्या गाड्यांतून हिंडू लागले. भूदानासाठी ज्यांनी १९५१ पासून देशभर पायी फिरून जमीन मागितली ते विनोबा याच पेण तालुक्यातल्या गागोद्याचे. आता जमीन मागायला येणारे पायी येत नाहीत.

या सगळ्यात चर्चा होते ती जमिनीच्या बदल्यात परत मिळणाऱ्या भूखंडाच्या टक्क्यांची. साडेबारा, साडेबावीस, चाळीस. रायगडात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत, पण त्यांतला फरक सांगा म्हटलं तर मोठेही गडबडतात. साडेबारा टक्के हे सिडकोच्या नव्या मुंबईतलं. संपादनाची रक्कम मिळालीच होती, त्यावर विकसित भूखंड मिळाला, आणि तोही सहज नव्हे. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झालं, जानेवारी १९८४ मध्ये जासई-पागोट्याच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा. साडेबावीस टक्के हे रोख रकमेच्या बदल्यात. नवी मुंबई विमानतळाच्या प्रकल्पग्रस्तांसाठी ते ठरलं आणि आता तिसऱ्या मुंबईच्या पर्यायांतही आहे. चाळीस टक्के हे ‘नैना’तल्या, म्हणजे त्याच विमानतळाच्या प्रभावक्षेत्रातल्या, नगररचना परियोजनांमधलं. तिथे संपादन नाही, सगळ्यांच्या जमिनी एकत्र करून रस्ते-मैदानं काढायची आणि उरलेला चाळीस टक्के भूखंड जास्त चटईक्षेत्रासह मालकाला परत. तिन्ही हिशेब वेगळे आहेत. त्यांची तुलना करायची तर हातात नेमकं काय राहतं ते बघायला हवं, नुसता मोठा आकडा बघून भागत नाही.

आणि इथेच आमची तक्रार सुरू होते. हे सगळे टक्के क्षेत्रफळाचे आहेत. मिळणारा भूखंड रस्त्याला लागून असेल, खाली गाळे आणि वर सदनिका काढता येतील. नियोजनकार त्याला मिश्र वापर म्हणतात आणि आधुनिक शहराचं लक्षण मानतात. पण पेण तालुक्यातल्या वाशी-वढावच्या, खाडीकाठच्या खारेपाटातल्या एका घराची जागा आज काय काय करते ते पाहा. घराशेजारी तळं, त्यात जिताडा मासा. तळ्याच्या काठावर भाजी. पुढच्या खाचरात पावसाळ्यात भात, भात निघालं की तिथेच झोडणी आणि पेंढ्याची रास. पलीकडे बांध आणि उघाडी, भरतीला बंद व्हायची आणि ओहोटीला पाणी सोडायची. बांधाला खांड गेली तर अख्खं शेत खारं. हमरापूर-जोह्याकडे याच खाचरांच्या कडेला मूर्तींच्या शेड आल्या. ज्येष्ठ-आषाढात रंगकामाला जागा पुरत नाही, तेव्हा शेजाऱ्याची पडवी, एखादा रिकामा गाळा, मिळेल ते भाड्याने घेतलं जातं. भाद्रपदात सगळं मोकळं. एकच जागा महिन्यागणिक काम बदलते. खाली गाळा आणि वर सदनिका बारा महिने गाळा आणि सदनिकाच राहतात.

तलाठ्याच्या सातबाऱ्याला आपण कितीही नावं ठेवली तरी त्यात पीकपाहणीचा रकाना आहे. खरीप की रब्बी, कोणतं पीक, पाणी कुठलं, हे त्यात लिहिलं जातं. वर्षाला हंगाम असतात एवढं तरी त्या कागदाला ठाऊक आहे. वीस वर्षांसाठी काढलेल्या आराखड्याच्या नकाशात हा रकाना नाही.

म्हणून जे आहे ते जसंच्या तसं ठेवा असं आमचं म्हणणं आहे, असा अर्थ कुणी काढू नये. प्लास्टरचा धुरळा आणि फवारणीचा रंग म्हणजे काही तीर्थ नव्हे. दाट वस्तीत, एका खोलीत दहा माणसं बसून रंगकाम करतात तेव्हा त्यांच्या फुप्फुसांचं काय होतं याची चर्चा आपण टाळतो, कारण गणपतीचं काम आहे. शाडूचा छोटा कारखाना आळीत शोभतो. हजारो प्लास्टरच्या मूर्तींचा कारखाना आळीत नको, त्याला मोकळी शेड, सांडपाण्याची सोय आणि मालट्रक वळेल एवढा रस्ता हवा. दोन्हींत गणपतीच होतात, पण दोन्हींच्या गटारांतून एकच गोष्ट जात नाही.

नियोजनात आधी विचारायचा प्रश्न आमच्या मते हा आहे. इथून बाहेर काय पडतं? धूर, पाणी, आवाज, वास, आग. शेजाऱ्याला ते सोसवत असेल तर घर आणि काम एकत्र नांदू द्या. सोसवत नसेल तर कितीही नोकऱ्या येवोत, अंतर ठेवा आणि ते राखा.

राखणं कसं सुटतं हे बघायला रोह्याला जावं.

रोह्याची गोष्ट पाण्यापासून सुरू होते. मुळशीच्या धरणाचं पाणी सह्याद्री उतरून भिऱ्याच्या टाटांच्या वीजकेंद्रात येतं आणि वीज करून झाली की कुंडलिकेत पडतं. त्यामुळे कोकणातल्या बहुतेक नद्या मार्गशीर्षानंतर आटतात तेव्हाही कुंडलिका वाहत असते. कोलाडला उन्हाळ्यातही पर्यटक रबरी होड्यांतून ओरडत जातात ते याच पाण्यावर. ज्या मुळशीसाठी सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, तिथल्या बुडालेल्या जमिनीवरचं पाणी असं रोह्याच्या वाट्याला आलं आणि या बारमाही पाण्याच्या भरवशावर धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली. रसायनांचे कारखाने आले. रोह्याला पगार आला, बाजारपेठ वाढली, पोरं शिकली. हे नाकारणं कृतघ्नपणा होईल.

पण वसाहत आखली तेव्हा तिच्या आणि गावांच्या मध्ये जी मोकळीक होती, ती चाळी, खानावळी, गॅरेजं, कामगारांच्या खोल्या आणि मग इमारतींनी भरत गेली. कुणी मुद्दाम केलं असं नाही. कामगाराला कामाजवळ खोली हवी होती, आणि आराखड्याने ती कुठे दाखवलीच नव्हती. जांभळा रंग एका जागी, पिवळा दुसऱ्या जागी आणि मधल्या रिकाम्या पट्ट्यात माणसं. सप्टेंबर २०२४ मध्ये धाटावच्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले, तेव्हा हादरा कारखान्याच्या भिंतीत थांबला नाही. खाली रेवदंड्यापर्यंतच्या खाडीत जाळी टाकणारे कोळी तर कित्येक वर्षं सांगताहेत की नदीत काय सोडलं जातं ते मासळीवरून कळतं. रोह्यात मिश्र वापर आपोआप झाला, आणि जो व्हायला नको होता नेमका तोच झाला.

आता रोह्याच्या बाजूला आणखी मोठी आखणी चालू आहे. रोहा-माणगावकडच्या दिघी औद्योगिक क्षेत्राला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. सहा हजारांहून अधिक एकर. रोहा-मुरूडमधल्या गावांत औषधनिर्माण उद्यानाच्या जमिनीवरून आधीच वाद झालेला आहे. या वेळी कामगार कुठे राहणार हे कारखान्याआधी ठरवलं जाईल का, एवढंच आम्हाला विचारायचं आहे. वालाच्या शेतात मडक्यात शेंगा भाजायची पोपटी लावायला जागा उरेल का, हा प्रश्न आम्ही शिष्टाचार म्हणून मागे ठेवतो. (जानेवारीत पोपटीतल्या भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वासाला भुलून रोह्याकडे वळणाऱ्या मुंबईकरांनी तो विचारावा.)

घर आणि काम वेगळं करण्याचं हे खूळ आपलं नव्हेच. न्यूयॉर्कने १९१६ मध्ये शहराचे विभाग पाडले. ओहायोतल्या युक्लिड नावाच्या खेड्याचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९२६ मध्ये विभागवार वापराला मान्यता मिळाली. गिरण्यांचा धूर घरात येत होता, तेव्हा ते शहाणपणाचंही होतं. पण त्याच देशात १९६१ मध्ये शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज यांनी ठणकावून सांगितलं की दुकान, घर, कार्यशाळा शेजारी असतात म्हणून रस्ता जागा राहतो. जपानने तिसराच मार्ग धरला. त्यांच्याकडे जमिनीचे तेरा वर्ग आहेत, पण पायरी उपद्रवाची आहे. सर्वांत शांत वस्तीतही घराला जोडून छोटं दुकान चालतं, आणि धोका जसा वाढतो तशी जागा बदलते. आपल्याकडेही नगररचनाकार पॅट्रिक गेडिस मुंबई इलाख्यात १९१५च्या सुमारास हेच सांगत हिंडत होते की जुनी आळी पाडू नका, जिथे कोंडलंय तेवढंच मोकळं करा.

आपले नियमही अगदी आंधळे नाहीत. २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत रस्त्याच्या रुंदीप्रमाणे निवासी भागात दुकानं चालतात, पिठाच्या गिरणीसारख्या सेवा उद्योगांना अश्वशक्ती आणि कामगारांची मर्यादा घालून परवानगी मिळते. दार किलकिलं आहे. पेण नगरपालिकेने आणि प्राधिकरणांनी त्यातून पुढे जाऊन मूर्तिकारांच्या आळ्यांसाठी वेगळी उपनियमावली करावी, शाडूच्या कामाला घरात मुभा द्यावी, मोठ्या कारखान्यांना हमरापूर-जोह्याच्या बाजूला सामाईक शेड आणि सांडपाण्याची सोय द्यावी. खारेपाटातले बांध, उघाड्या आणि पाण्याच्या वाटा बांधकामाला बंद असल्याचं नकाशावर स्पष्ट दाखवावं. भराव टाकून उंच झालेल्या एका भूखंडाचं पाणी शेजारच्या चार घरांत शिरतं, हे पेणला दर पावसाळ्यात दिसतं. धाटावभोवती जेवढी मोकळीक अजून शिल्लक आहे तेवढी आज मोजून कुलूप लावावं.

हे कोण करील? इथल्या लोकांना मत विचारलं तर ते देतात, याला पुरावा आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत प्रस्तावित विशेष आर्थिक क्षेत्रासाठीच्या भूसंपादनावर सार्वमत घेतलं गेलं. रांगा लागल्या. निकाल सरकारने अधिकृतपणे जाहीर केला नाही, पण पुढे ते भूसंपादन बारगळलं. त्या लढाईत सगळ्यांना एकच प्रश्न होता, जमीन द्यायची की नाही. आत्ताची लढाई जास्त किचकट आहे, कारण ‘नाही’ म्हणून भागत नाही. काय, कुठे, किती आणि कोणत्या महिन्यात, हे सांगावं लागतं. ते अधिकाऱ्याला आपोआप कळणार नाही. तो दोन-तीन वर्षांनी बदलून जातो.

प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे हरकतींना तीस दिवस मिळतात. त्यांतले पहिले पंधरा आपल्याकडे जाहिरात निघाल्याचं कळण्यात जातात. नंतरचे दहा ‘बघू, आपलं काय जातंय’ म्हणण्यात. आरक्षण पडल्यावर मात्र वकील शोधायला पनवेलला धाव. आरक्षण उठवायला कलम १२७ प्रमाणे नोटीस द्यायची तर आधी दहा वर्षं थांबा, मग आणखी दोन वर्षं.

म्हणून या अंकात कथा-कवितांच्या आधी, जिथे एरवी सोन्याच्या पेढीची जाहिरात येते त्या पानावर, हरकतीच्या अर्जाचा नमुना छापला आहे. जाहिरात गेली, त्याचं फार वाटून घेऊ नका. अर्ज मराठीत लिहा. गट क्रमांक आणि सर्व्हे क्रमांक दोन्ही घाला. जागेचा वापर बारा महिन्यांच्या तक्त्यात भरा, रकाने आम्ही आखून दिले आहेत. घरात शाडूचं काम चालत असेल तर तसं लिहा, लाजू नका. तळं असेल तर तळं दाखवा. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं त्याचा बाण काढा. फोटोमागे तारीख घाला. सुनावणीचं पत्र आलं तर एकट्याने जाऊ नका, आळीतल्या चौघांना घेऊन जा. आणि अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का मारून पोच घ्या. साहेब जेवायला गेलेत म्हणतील. बसून राहा.