अश्रूंना मज्जाव कशासाठी?

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणाच्या आदल्या रात्री सांस्कृतिक कार्यक्रम होता. चाकणच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार असलेल्या एका तरुणाने त्यात बालकवींच्या दोन कविता म्हणावयाचे ठरविले होते, 'औदुंबर' आणि 'पारवा'. तालमीच्या वेळी समितीतील काही मंडळींनी हरकत घेतली. सणाच्या रात्री ही रडकी कविता कशाला? काही तरी उत्साहवर्धक, बोधप्रद हवे. लोक आठवडाभर यंत्रापाशी राबून येतात. त्यांना आणखी उदास का करावयाचे? प्रश्न निर्णयासाठी आमच्याकडे आला आणि आम्ही तरुणाच्या विरुद्ध निर्णय दिला. कवितांच्या जागी एक विनोदी नाटुकले झाले. लोक हसले, टाळ्या पडल्या. तो तरुण शेवटच्या बाकावर कार्यक्रम संपेपर्यंत बसून होता.

आम्ही चुकलो. पण केवळ ही कबुली देण्यासाठी लेखणी हाती घेतलेली नाही. जी हरकत त्या रात्री आमच्या सभागृहात घेतली गेली, ती आज आपल्या अनेक धर्मग्रामांत, शाळांत आणि घरांत घेतली जाते. हळव्या कवितेची कारखान्याच्या गावाला गरज नाही. ती श्रद्धेला पोषक नाही. आणि तरुणांना तर ती धोक्याचीच आहे, असे या हरकतीचे तीन भाग आहेत. तिन्हींना उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

पहिला भाग नवा नाही. रशियात तो फार मोठ्या अधिकाराने मांडला गेला होता. सर्गेई येसेनिन हा रशियाचा लाडका भावकवी. 1895 साली ओका नदीकाठच्या कॉन्स्टन्टिनोव्हो या खेड्यात, शेतकरी कुटुंबात तो जन्मला. 1912 साली मॉस्कोला आला, काही काळ छापखान्यात मुद्रितशोधकांच्या हाताखाली राबला. भूर्जवृक्ष, गाई, घराचे शाकारलेले छप्पर, गावी वाट पाहणारी म्हातारी आई, हेच त्याच्या कवितेचे धन. 1920 साली त्याने आगगाडीशी शर्यत लावू पाहणाऱ्या एका शिंगरावर लिहिले. लोखंडी घोडा जिंकणार हे त्या कवीला पक्के ठाऊक होते, तरी त्याचे मन शिंगराकडे होते. 1925 च्या डिसेंबरात, वयाच्या तिसाव्या वर्षी, लेनिनग्राडच्या एका हॉटेलात त्याने जीवनयात्रा संपविली.

क्रांतीनंतरच्या रशियाला कारखाने उभारावयाचे होते. 1927 च्या जानेवारीत बुखारिन या बड्या पुढाऱ्याने 'प्रावदा' या पक्षाच्या मुखपत्रात येसेनिनवर जळजळीत लेख लिहिला. या कवीचे रडगाणे नव्या माणसाला दुबळे करील, असा त्याचा रोख होता. येसेनिनच्या नावावरून एक शब्दच तयार करण्यात आला आणि तो रोगाच्या नावासारखा वापरण्यात येऊ लागला. स्टालिनच्या काळात त्याची पुस्तके फारशी निघाली नाहीत. लोकांनी मात्र त्याच्या कविता वहीत उतरवून घेतल्या, पाठ केल्या, गाण्यासारख्या म्हटल्या. ज्या कामगारासाठी हे सारे चालले होते, तो कामगार कालपरवाच खेड्यातून आला होता. आईला लिहिलेल्या पत्राची येसेनिनची कविता त्याला त्याच्याच हातची वाटली तर नवल काय? राज्य गेले, पक्ष गेला. येसेनिन अजून वाचला जातो.

त्या सत्तेला आपण निरीश्वरवादी म्हणून नावे ठेवतो. मग सणाच्या रात्री आमच्या समितीने, आणि तिच्याबरोबर आम्ही, जे म्हटले ते बुखारिनच्या म्हणण्याहून कोठे वेगळे होते? माणूस कामाला लागावा, हसतमुख असावा, त्याच्या डोळ्यांतील पाण्याने उत्पादनात खंड पडू नये! कंपनीच्या व्यवस्थापनाने असे म्हणावे हे समजू शकते. ख्रिस्तसभेने का म्हणावे?

आता आपल्या गावाकडे पाहू. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी येथे कारखान्यांच्या रांगा लागल्या. त्यानंतर तळेगाव आणि चाकण. 1970 साली नगरपालिका झाली, 1982 साली महानगरपालिका. आपल्या धर्मग्रामांतील बहुतेक मराठी कुटुंबे या वाटेनेच आली आहेत. कोणाचे गाव राहुरीकडे, कोणाचे संगमनेरकडे, कोणाचे श्रीरामपूरजवळ. शेजारच्या खोलीत खानदेशातले, मराठवाड्यातले कुटुंब. ओढा, बोरीची झाडे, गावच्या देवळाची घंटा हे सारे मागे राहिले. येथे तीन पाळ्या, कंपनीची बस आणि कंत्राट संपण्याची तारीख. अशा माणसाला 'औदुंबर' ही कविता परकी कशी वाटेल? टेकड्यांच्या पलीकडचे छोटे गाव, शेतमळ्यांतून जाणारी पाऊलवाट आणि पाण्याकाठी थांबलेले एक झाड. केवळ आठ ओळींची ही कविता. तिच्यावर मराठी समीक्षकांची चर्चा अजून संपलेली नाही. आमच्या तरुणाला त्या चर्चेची माहिती नव्हती. ते झाड त्याच्या ओळखीचे होते, एवढेच.

आणि बालकवी तरी आपल्याला परके आहेत काय? त्र्यंबक बापूजी ठोमरे हे त्यांचे नाव. जन्म 1890 साली खानदेशातील धरणगावचा. 1907 साली जळगावला पहिले महाराष्ट्र कविसंमेलन भरले. त्या संमेलनात या कोवळ्या मुलाला अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी 'बालकवी' म्हणून गौरविले. तेथूनच रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा त्यांच्यावर लोभ जडला आणि पुढे अहमदनगरास, आजच्या अहिल्यानगरास, टिळकांच्या घरी ते मुलासारखे राहिले. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'त या ठोमऱ्यांविषयी किती जिव्हाळ्याने लिहिले आहे, ते वाचकांनी मुळातूनच वाचावे. टिळक आपल्या पंथाचे नव्हते, पण आमच्या देवळात त्यांची भजने म्हटली जातात. बालकवी शेवटपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांनी प्रेमाला धर्मांतराची अट घातली नाही आणि त्या लहरी, उदास मुलाला "आधी आनंदी हो, मग घरात ये" असेही सांगितले नाही. त्याच नगर जिल्ह्यातून आलेल्या आपण ख्रिस्ती मंडळींनी त्याच कवीला सभागृहाच्या दारातून परत पाठवावे, यासारखी लाजिरवाणी गोष्ट दुसरी नाही.

कोणी म्हणेल, बालकवींना आमचा विरोध नाही. 'आनंदी आनंद गडे' म्हणा, 'फुलराणी' म्हणा, 'श्रावणमास' म्हणा. या युक्तिवादाचा आम्हांस अधिक राग येतो. निम्मा कवी घ्यावयाचा आणि निम्मा टाकावयाचा! पाठ्यपुस्तकांतून आपण बालकवींना इतके गोड करून टाकले आहे की 'खेड्यातील रात्र' किंवा 'उदासीनता' ही त्यांचीच कविता आहे हे सांगितल्यावर पदवीधर मंडळीही चकित होतात. वस्तुतः फुलराणीचा आनंद खरा वाटतो, कारण पारव्याचे दुःख खरे आहे. ज्याला हुरहुर ठाऊक नाही त्याच्या हर्षावर कोण विश्वास ठेवील? 5 मे 1918 रोजी जळगावजवळ भादली स्टेशनात रूळ ओलांडताना मालगाडीखाली सापडून त्यांचा अंत झाला. तेव्हा ते अठ्ठाविसाव्या वर्षात होते. शंभराहून अधिक वर्षे लोटली. इतक्या काळात कितीतरी बोधप्रद पद्ये लिहिली गेली आणि विसरली गेली. ही दुखरी कविता मात्र लोकांच्या ओठांवर राहिली, याचा विचार बोधप्रिय मंडळींनी करावा.

दुसरी हरकत श्रद्धेची. ती आम्हांस सेमिनरीतच ऐकावयास मिळाली होती आणि ती मांडणारे सामान्य नव्हते. संत ऑगस्टीन 'कन्फेशन्स'च्या पहिल्या भागात पश्चात्ताप करतात की, स्वतःच्या आत्म्याच्या नाशासाठी कधी न रडलेला मी व्हर्जिलच्या काव्यातील डायडोच्या मरणासाठी रडलो. हरकत भारी आहे, हे आम्ही मान्य करतो. काव्यासाठी रडणारा माणूस शेजाऱ्याच्या दुःखाने कोरडा राहू शकतो. पण त्याच ग्रंथाच्या नवव्या भागात हेच ऑगस्टीन आपली आई मोनिका हिच्या मृत्यूनंतर प्रथम अश्रू आवरून धरतात, आणि मग ते आवरणेच त्यांना असह्य होते. देवासमोर ते मोकळेपणी रडतात आणि या रडण्याला जो हसेल त्यानेच आपल्यासाठी प्रार्थना करावी, असे सुचवितात. म्हणजे ऑगस्टीनचा आक्षेप अश्रूंना नव्हता. अश्रू कोणासमोर आणि कशासाठी, हा त्यांचा प्रश्न होता. तो प्रश्न आपणही विचारावा. पण त्यासाठी आधी रडण्याची मुभा तर हवी!

स्तोत्रसंहिता उघडून पाहा. बाबेलच्या नद्यांकाठी बसून मायभूमीसाठी रडणारे बंदिवान त्यात आहेत. 88 वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एक ओळदेखील नाही. पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने झालेल्या ग्रंथात ते जसेच्या तसे ठेवलेले आहे, आणि ख्रिस्तसभा आपल्या दैनंदिन प्रार्थनेत ते म्हणत आली आहे. आमच्या धर्मग्रामापासून देहू फार दूर नाही. तुकोबांच्या अभंगांतील तळमळ वगळा आणि पाहा, त्यांच्या आनंदाच्या अभंगांचे काय उरते! लाजरसच्या कबरीपाशी प्रभू येशूला पुढे काय होणार हे ठाऊक होते, तरी तो रडला. पुनरुत्थानाची खात्री असूनही ज्याने अश्रू ढाळले, त्याच्या अनुयायांना रडक्या कवितेची भीती वाटते, हे कसे?

तिसरी हरकत मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. तरुण मन अशा कवितेने खचेल, ही आईबापांची भीती निराधार नाही. येसेनिनच्या मृत्यूनंतर वर्षभराने त्याच्यावर प्रेम करणाऱ्या गालिना बेनिस्लाव्हस्काया या स्त्रीने त्याच्या थडग्यापाशी स्वतःचा जीव दिला. कवीचे मरण गौरवू नये, त्याला तेजोवलय देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्याचे मन खरोखर अंधारात गेले आहे त्याला कविता पुरेशी नाही. त्याला सोबत करणारा माणूस हवा आणि वैद्यकीय मदत हवी, आणि ती मागण्यात कमीपणा नाही. परंतु बंदीने कोणाचे दुःख कमी झाले आहे? चार माणसांत मोठ्याने म्हटलेले दुःख आणि खोलीत एकट्याने गिळलेले दुःख यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आमच्या तरुणाने दुसऱ्या प्रकारचे दुःख पहिल्या प्रकारात आणण्याचा प्रयत्न केला, आणि आम्ही त्याला मागच्या बाकावर बसविले. धोका कवितेत होता की आमच्या निर्णयात?

काही महिन्यांनी आम्ही त्याच्या घरी गेलो. रात्रपाळीहून आल्यावर झोपण्यापूर्वी तो कविता मोठ्याने वाचतो, असे त्याच्या आईने सांगितले. "आता फक्त मलाच ऐकवतो," त्या म्हणाल्या. आम्ही त्याची क्षमा मागितली आणि येत्या नोव्हेंबरात, मृतांच्या स्मरणाच्या महिन्यात, सभागृहात कवितांची एक संध्याकाळ ठेवू, तीत तू म्हणशील का, असे विचारले. "पाळी कोणती लागते ते पाहून सांगतो, फादर," तो म्हणाला. हे उत्तर आम्ही आमच्या पदरात पडलेले माप समजतो.

ती संध्याकाळ होईल, त्याला सुटी मिळो वा न मिळो. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठीतील ख्रिस्तपुराण छापले गेले, तेव्हापासून या भाषेतील ओवी आणि गीत हा आपल्या श्रद्धेचा वारसा आहे. तो केवळ उपदेशासाठी नाही. वाचकहो, आपल्या घरी आजीच्या तोंडची एखादी ओवी असेल, वडिलांच्या वहीत उतरवून ठेवलेली एखादी कविता असेल, ती मुलांना ऐकवा. ती दुःखाची असली तर तशीच ऐकवा. शेवटी तात्पर्य जोडू नका. आणि आपल्या धर्मग्रामाच्या समितीत कोणी अशा कवितेला हरकत घेतली, तर त्यांना शांतपणे एकच विचारा. दिवसभर कारखान्यात हसतमुख राहिलेल्या माणसाने रडावयाचे कोठे, हे तरी आपण त्याला सांगणार आहात काय?