संयुक्त ‘मानापमान’ ते ‘सुपरहेवी’: दिग्गज एकत्र आले की अपेक्षा पूर्ण होते का?

दोन-चार नामवंत कलाकार आपापले संच बाजूला ठेवून एकत्र आले, की चाहते हिशेब मांडायला बसतात. एकेकटा एवढा मोठा, तर सगळे मिळून केवढे होईल? रॉक संगीतात अशा संचाला ‘सुपरग्रुप’ म्हणतात. मिक जॅगर आणि ए. आर. रहमान यांचा सहभाग असलेल्या ‘सुपरहेवी’ या संचाने 2011 मध्ये एकच अल्बम काढला आणि तो संच विरून गेला. मराठी रसिकांनी असाच प्रयोग त्याच्या नव्वद वर्षे आधी पाहिला होता. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचे संयुक्त ‘मानापमान’ आजही नाट्यवेड्या घरांत चर्चेला येते. ‘सुपरहेवी’चे नाव मात्र अनेकांना आठवावे लागते. असे का झाले?

संयुक्त ‘मानापमान’ म्हणजे काय?

‘संगीत मानापमान’ हे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे नाटक. किर्लोस्कर नाटक मंडळीने ते 12 मार्च 1911 रोजी रंगमंचावर आणले. चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या अंगाच्या चाली मराठी पदांना दिल्या आणि नाटकाने महाराष्ट्राला वेड लावले. त्यात भामिनी झाले होते बालगंधर्व.

पुढे 1913 मध्ये बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. केशवराव भोसले यांची ‘ललितकलादर्श’ त्याआधी, 1908 मध्ये, हुबळीत स्थापन झाली होती. दोन्ही कंपन्या नावाजलेल्या, दोघांचेही गाणे लोकांच्या ओठावर आणि दोघांचाही चाहतावर्ग आपापल्या दैवतासाठी भांडायला तयार. असे हे दोन प्रतिस्पर्धी 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात एकाच नाटकात उभे राहिले. बालगंधर्व भामिनीच्या आणि केशवराव धैर्यधराच्या भूमिकेत होते. निमित्त होते टिळक स्वराज्य फंडाचे.

अपेक्षा एवढी का वाढली?

पहिले कारण उघड आहे. हे दोघे एकत्र गातील असे कुणाला वाटलेच नव्हते. बालगंधर्वांच्या नावावर ‘स्वयंवर’ (1916) आणि ‘एकच प्याला’ (1919) जमा झाले होते. केशवरावांनी ‘हाच मुलाचा बाप’ (1916) आणि ‘संन्याशाचा संसार’ (1919) अशी काळाशी बोलणारी नाटके आणली होती. बालगंधर्वांचे गाणे लाघवी, लयीशी खेळणारे. केशवरावांचा आवाज चढा, धारदार, थेट शेवटच्या रांगेत पोहोचणारा. ही दोन गाणी समोरासमोर आली तर काय होईल, या उत्सुकतेला तोड नव्हती.

दुसरे कारण त्या वर्षाचे. लोकमान्य टिळक 1 ऑगस्ट 1920 रोजी गेले होते. त्यांच्या नावाने एक कोटी रुपयांचा निधी उभा करण्याचे काँग्रेसचे आवाहन देशभर गाजत होते. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे ठेवले होते, तरी थिएटर भरले. प्रेक्षकाला गाणेही मिळणार होते आणि देशकार्यात वाटा उचलल्याचे समाधानही.

प्रयोग अपेक्षेला उतरला का?

याचे उत्तर, अपेक्षा कोणती होती यावर अवलंबून आहे.

फंडाला पैसा मिळावा, ही एक अपेक्षा. ती पूर्ण झाली. दोन भिन्न गायक्या एका रात्री ऐकायला मिळाव्यात, ही दुसरी. तीही पूर्ण झाली. त्या प्रयोगापाठोपाठ ‘सौभद्र’चाही संयुक्त प्रयोग झाला, यावरून लोकांची भूक भागली नव्हती, वाढली होती, हे दिसते.

तिसरी अपेक्षा मात्र अपुरी राहिली. दोघांत थोर कोण, याचा एकदाचा निकाल लागावा असे चाहत्यांना वाटत होते. तो लागला नाही. केशवरावांनी रात्र जिंकली म्हणणारे होते, तसे बालगंधर्वांपुढे कुणाचे काय चालणार म्हणणारेही होते. दोन्ही बाजू आपापले मत घेऊन आत गेल्या आणि तेच मत अधिक पक्के करून बाहेर आल्या.

हा प्रयोगाचा दोष मानता येणार नाही. कुस्तीत एकाची पाठ मातीला लागते, नाटकात तसे होत नाही. किंबहुना निकाल लागला असता, तर शंभर वर्षे वाद घालायला काही उरलेच नसते.

मग ‘सुपरहेवी’चे काय झाले?

‘रोलिंग स्टोन्स’चे मिक जॅगर, ‘युरिथमिक्स’चे डेव्ह स्टुअर्ट, ब्रिटिश गायिका जॉस स्टोन, बॉब मार्ली यांचे पुत्र डेमियन मार्ली आणि ए. आर. रहमान असे हे पाच जण. रॉक, सोल, रेगे आणि भारतीय चित्रपट संगीत एका खोलीत आणण्याची ही कल्पना. जमैकातल्या घरी असताना आजूबाजूच्या ध्वनिक्षेपकांवरून एकाच वेळी वेगवेगळे संगीत ऐकू येई आणि तिथून आपल्याला हे सुचले, असे स्टुअर्ट यांनी सांगितले आहे. 2009 मध्ये काम सुरू झाले. त्याच वर्षी रहमान यांना दोन ऑस्कर मिळाले होते. संच आहे हे बराच काळ गुप्त ठेवण्यात आले. मे 2011 मध्ये घोषणा झाली आणि सप्टेंबरमध्ये अल्बम बाजारात आला.

‘मिरॅकल वर्कर’ हे पहिले गाणे बऱ्यापैकी वाजले. ‘सत्यमेव जयते’ या रहमान यांच्या छापाच्या गाण्यात जॅगर संस्कृत ओळ म्हणतात, याचे भारतात कौतुक झाले. युरोपातल्या काही देशांत अल्बमने चांगली मजल मारली. पण समीक्षकांचे मत संमिश्र राहिले. दौरा झाला नाही. दुसरा अल्बम आला नाही.

ऐकताना अडचण लक्षात येते. अल्बम वाईट नाही. गाणी ठाकठीक आहेत आणि वादन सफाईदार आहे. पण बऱ्याच गाण्यांत प्रत्येकाला आपापला वाटा देण्याची घाई दिसते. जॅगर दोन ओळी गातात, मार्ली आपला तुकडा म्हणतात, जॉस स्टोन आवाज चढवतात. पंगतीत प्रत्येक पदार्थ पानात पडावा तसे होते, पण जेवणाला एक चव येत नाही. रहमान यांची चालीवरची पकड तर फार थोड्या ठिकाणी जाणवते. एवढी नावे जिथे एकत्र आली, तिथे ‘ठाकठीक’ हा शेरासुद्धा अपयशासारखा वाटतो.

फरक कुठे पडला?

नावांचे वजन दोन्हीकडे होते. फरक होता तो कामाच्या आखणीत.

संयुक्त ‘मानापमान’ने नवे काही रचायचे नव्हते. नाटक दहा वर्षे मुरलेले होते, पदे पाठ होती, कुणी कुठे प्रवेश करायचा आणि कुणी कुठे थांबायचे हे ठरलेले होते. शिवाय नाटकाचे कथानकच या जोडीला साजेसे होते. श्रीमंत बापाची भामिनी गरीब सेनापती धैर्यधराचा अपमान करते आणि पुढे वनमाला बनून त्याच्याच पराक्रमापुढे नमते. दोन मानी माणसांची ही झुंज आहे. दोन कंपन्यांची खरी चुरस त्या गोष्टीत आपोआप मिसळली. एकमेकांवर मात करण्याची ईर्ष्या नाटकाच्या कामी आली.

‘सुपरहेवी’कडे असा सांगाडा नव्हता. गाणी स्टुडिओतच घडवायची होती आणि कोणाचा शब्द शेवटचा, हे गाण्यांतून कळत नाही. श्रोत्यांसमोर उभे राहून चूक सुधारण्याची संधीही त्यांनी घेतली नाही.

तमाशात दोन फडांचे सवाल-जवाब रंगतात, तेही याच कारणाने. चुरस जीवघेणी असते, पण सवाल कसा टाकायचा आणि जवाब कसा फेडायचा याची रीत दोघांना ठाऊक असते. रीत असली की ईर्ष्येतून रंग भरतो. ती नसली तर गोंगाट होतो, किंवा उगाच भिडस्तपणा.

‘शक्ती’चा निकाल उशिरा का लागला?

अपेक्षा पूर्ण झाली की नाही, हे पहिल्या वर्षीच कळते असे नाही. मुंबईत वाढलेले झाकीर हुसेन, गिटारवादक जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिनवादक एल. शंकर आणि घटमवादक विक्कू विनायकराम यांचा ‘शक्ती’ हा संच सत्तरच्या दशकात उभा राहिला. त्यांचा पहिला अल्बम 1975 च्या जुलैमधल्या अमेरिकेतील मैफलीचे ध्वनिमुद्रण होता. तो 1976 मध्ये निघाला. आणखी दोन अल्बम झाले आणि हे पर्व काही वर्षांतच संपले.

मॅकलॉफ्लिन त्याआधी ‘महाविष्णू ऑर्केस्ट्रा’त विजेच्या गिटारवर गर्जत होते. त्यांच्या अनेक चाहत्यांना तीच गर्जना पुन्हा हवी होती. समोर आली ती मांडी घालून, साध्या लाकडी गिटारवर रागदारीशी केलेली गुजगोष्ट. बाजाराच्या मापाने त्या वेळी ती निराशाच ठरली. पण पुढच्या पिढ्यांतल्या वादकांनी हेच अल्बम पुन्हा पुन्हा ऐकले. संच नव्या साथीदारांसह पुन्हा जमला. 2023 च्या ‘धिस मोमेंट’ अल्बमला फेब्रुवारी 2024 मध्ये ग्रॅमी मिळाले. त्याच वर्षी 15 डिसेंबरला झाकीर हुसेन गेले.

‘शक्ती’ने बाजाराची अपेक्षा मोडली, पण स्वतःला जे करायचे होते ते पुरते केले. ‘सुपरहेवी’ने बाजाराची अपेक्षा मोडली नाही आणि भागवलीही नाही.

आठवणीवर किती विसंबायचे?

इथे संयुक्त ‘मानापमान’लाही एक प्रश्न विचारायला हवा. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण नाही. तेव्हाच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत. पन्नासच्या आसपास पदे असलेले, रात्र जागवणारे नाटक त्यात कुठून मावणार? म्हणजे त्या प्रयोगाची थोरवी आपल्यापर्यंत आली ती ऐकणाऱ्यांच्या तोंडून. आणि ऐकणारे कोण, तर चढे तिकीट परवडणारे मुंबईतले काही मोजके लोक.

धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. इथल्या गावांपर्यंत त्या रात्रीची कीर्ती आली असेल ती फिरत्या नाटक कंपन्यांच्या माणसांकडून किंवा मुंबईहून परतलेल्या एखाद्याच्या गप्पांतून. गप्पांत सूर उतरत नाही. आज ईटमधला मुलगा ‘सुपरहेवी’चा अल्बम मोबाइलवर पाच मिनिटांत शोधून, तिसऱ्या गाण्यावर कंटाळून बंद करू शकतो. संयुक्त ‘मानापमान’ला त्याच्यासमोर ही परीक्षा कधी द्यावी लागली नाही.

शिवाय त्या जोडीला पडती बाजू पाहावी लागली नाही. प्रयोगानंतर तीन महिनेही झाले नव्हते, तोच 4 ऑक्टोबर 1921 रोजी केशवराव गेले. वय अवघे 31. ‘ललितकलादर्श’ची धुरा बापूराव पेंढारकरांनी उचलली. बालगंधर्व पुढे 1967 पर्यंत जगले, पण ती जोडी पुन्हा कधी दिसणार नव्हती. दहावा, विसावा संयुक्त प्रयोग झाला असता, तर कदाचित तोही नेहमीचा वाटू लागला असता. आख्यायिकेला अकाली मृत्यूची जोड मिळते, हे मान्य करायलाच हवे.

मग निकाल काय?

आख्यायिकेचा फुगवटा वजा केला तरी संयुक्त ‘मानापमान’चे पारडे जड राहते. कारण त्या रात्री दोन मोठे गायक एका ठरलेल्या कामासाठी आले होते. नाटक त्यांच्यापेक्षा मोठे होते आणि फंड नाटकापेक्षा मोठा होता. दोघांनाही आपला अहंकार ठेवायला जागा होती आणि त्याला कुंपणही होते. ‘सुपरहेवी’मध्ये पाच जणांचा मोठेपणा हेच मुख्य काम होऊन बसले. म्हणून तो अल्बम अपेक्षेला उतरला नाही. त्यात गुणी माणसांची कमतरता नव्हती, त्यांना एकत्र बांधणाऱ्या कामाची होती.

हे आज लक्षात घेण्यासारखे आहे, कारण दिग्गजांना एकत्र आणणे आता फार सोपे झाले आहे. दोन गायक दोन शहरांत बसून आपापला भाग गातात आणि एका फलकावर दोघांची छायाचित्रे झळकतात. पहिल्या दिवशी लाखो लोक ते ऐकतात आणि महिन्याभराने चाल कुणाला आठवत नाही. गावच्या जत्रेत दोन नावाजलेली मंडळे एका मांडवात आणणाऱ्या आयोजकांनाही हाच अनुभव येतो. पत्रिकेवर नावे भारदस्त असतात, पण मांडवात मात्र कुणी काय आणि किती वेळ म्हणायचे हेच ठरलेले नसते.

म्हणून असा कार्यक्रम किंवा अल्बम जाहीर झाला, की कोण कोण येणार यापेक्षा ते मिळून काय करणार, हे श्रोत्याने विचारावे. आयोजकांनी तर तिकिटे छापण्याआधीच ते ठरवावे. 1921 मध्ये बालीवाला थिएटराच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर आधीच माहीत होते: दोघे ‘मानापमान’ करणार होते.