वाचले, पण समजले काय?

सूरजागडचा डोंगर गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात आहे. त्याच्या सभोवतीच्या रानात माडिया लोकांची लहान लहान गावे वसलेली आहेत. त्यांच्या घरी माडिया भाषा बोलली जाते. ही भाषा द्राविडी कुळातील असल्यामुळे मराठीहून अगदी निराळी आहे. शाळेतील पुस्तक मात्र मराठीत असते. मूल अक्षरे शिकते, धडाही खणखणीत आवाजात वाचून दाखवते. परंतु ‘यात काय सांगितले आहे?’ असे विचारताच पुष्कळदा त्याची मान खाली जाते. पाहणाऱ्यास वाटते की, हे मूल मंद आहे. हा निर्णय उतावळेपणाचा होय.

कारण ही अडचण एकट्या माडिया मुलाची नाही. ‘मोहाची फुले पहाटे गळतात’ हे वाक्य शहरातील विद्यार्थी न अडखळता वाचील. पण त्या दिवसांत मोहाचे झाड बहुधा निष्पर्ण असते, फुले रसाळ असतात आणि ती वेचण्यासाठी लहानथोर सारे उजाडताच टोपल्या घेऊन रानात जातात, यांपैकी काहीही त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहणार नाही. एकापाशी शब्द आहे, पण वस्तू नाही. दुसऱ्यापाशी वस्तू आहे, पण शब्द नाही. शब्द आणि वस्तू यांची गाठ पडणे म्हणजेच समजणे होय.

ही गाठ पाडून देण्यास लहान गोष्टी आणि निसर्गविषयक लेख ही दोन उत्तम साधने आहेत. मात्र दोन्ही एकाच रीतीने वाचून चालत नाही.

पंचतंत्रात एका पक्ष्याची आणि वानराची गोष्ट आहे. पावसात कुडकुडणाऱ्या वानराला पक्षी घर बांधण्याचा उपदेश करतो. वानर चिडते आणि पक्ष्याचेच घरटे मोडून टाकते. पक्षी माणसासारखा बोलतो कसा, ही शंका येथे निरुपयोगी आहे. विचारायचे ते निराळेच. उपदेश खरा असूनही पक्ष्याचे घर का मोडले? उपदेश चुकला, वेळ चुकली, की ऐकणारा चुकीचा निवडला? याचे उत्तर वाचणाऱ्याने मनुष्यस्वभावाशी ताडून स्वतःच काढावे लागते.

आता सुगरण पक्ष्यावरील एखादा लेख घ्यावा. सुगरण हा शब्द स्त्रीलिंगी; म्हणून घरटे मादीच विणत असेल, असे सहज वाटते. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांनी १९३० साली अलिबागजवळ किहीम येथे या पक्ष्यांचे बारकाईने निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, माद्या येऊन ते पाहतात, एखादीला ते पसंत पडले की नर ते पुरे करतो आणि नंतर दुसरे विणावयास घेतो. येथे विचारावयाचे प्रश्न असे: हे कोणी पाहिले? कोठे आणि कोणत्या ऋतूत? यात प्रत्यक्ष पाहिलेले किती आणि अनुमान किती? लेख हा डोळ्यांनी पाहिलेल्याशी ताडून वाचावा लागतो.

असे ताडून पाहण्यात रानातले मूल मुळीच मागे नसते. ओल्या मातीतील ठसा पाहून जनावर कोणते आणि ते कोणीकडे गेले, हे ओळखणे हेदेखील वाचनच आहे. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनवासी लोकांकडून पशुपक्ष्यांची आणि झाडांची कितीतरी माहिती मिळवली व ती मराठी पुस्तकांत आणली. जे ज्ञान पुस्तकाला उपयोगी पडले, ते वर्गात निरुपयोगी कसे ठरेल? म्हणून अशा मुलाला आरंभी त्याच्या ओळखीच्या झाडापाखरांवरील लेख द्यावेत, त्याचा अर्थ आधी माडियात सांगू द्यावा आणि मग मराठीत सांगावयास शिकवावे. शेजारच्या भामरागड तालुक्यात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाने १९७६ साली शाळा काढली. तेथील माडिया मुलांतून पुढे डॉक्टर आणि वकीलही झाले. ही मुले मंद नव्हती, हे निराळे सांगावयास नको.

कोणी म्हणेल, ‘एवढा वेळ कशाला घालवावा? उत्तरे पाठ केली की परीक्षा पार पडते.’ परीक्षा पार पडेलही. परंतु पुढील आयुष्यात समोर येणाऱ्या कागदांची उत्तरे आधी पाठ करता येत नाहीत. सूरजागडच्या डोंगरातून आज लोहखनिज काढले जाते. रान, पाणी आणि जमीन यांविषयी निर्णय होतात, तेव्हा कागद वाचून ‘हे कोणी पाहिले? हे कशावरून?’ असे विचारणारी माणसे गावात असावी लागतात. याच जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. त्या गावात लोक अभ्यासगट करून बसत, एकेका विषयाची चर्चा करत आणि समजल्यावाचून निर्णय घेत नसत.

तेव्हा किती पाने वाचली, याचा हिशेब दुय्यम आहे. एक लहान गोष्ट किंवा एक साधा लेख वाचून मुलाने एक नेमका प्रश्न विचारला, तर ते वाचन सार्थकी लागले. न समजता म्हटलेला धडा परीक्षेबरोबर विसरला जातो. समजून विचारलेला प्रश्न मात्र जन्मभर उपयोगी पडतो.